परदेशी नोंदणीची खासगी विमाने : कागदपत्रे व रेडिओ परवाने

एका देशात नोंदलेले खासगी विमान दुसऱ्या देशाच्या आकाशात नेताना सोबत बाळगायच्या कागदपत्रांचा पाया म्हणजे ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करार. त्याच्या कलम २९ नुसार नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, वैमानिकांचे परवाने व प्रवास नोंदवही विमानातच असावी लागते. प्रवासी वा माल असल्यास त्यांची यादीही.

खरी गफलत रेडिओबाबत होते. कलम ३० प्रमाणे यंत्रणेला आणि ती वापरणाऱ्याला असे दोन वेगळे परवाने लागतात व दोन्ही नोंदणीच्या देशाने दिलेले असावे लागतात. वापर मात्र ज्या देशावरून उड्डाण चालू आहे त्याच्या नियमांप्रमाणे करायचा असतो. अमेरिकेत १९९६ पासून देशांतर्गत उडणाऱ्या खासगी विमानांना वेगळा रेडिओ परवाना लागत नाही. त्यामुळे तेथील अनुभवी वैमानिकही कॅनडा किंवा मेक्सिकोकडे निघताना तो विसरतात. हा परवाना तेथील संघीय दळणवळण आयोग विमानासाठी १० वर्षांकरिता देतो. वैमानिकाचा मर्यादित रेडिओ-दूरध्वनी परवाना तहहयात असतो.

युरोपात कायम ठेवलेल्या, ‘एन’ अक्षराने सुरू होणाऱ्या अमेरिकी नोंदणीच्या विमानांची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. फ्रेंच वैमानिक परवान्यावर असे विमान फ्रान्समध्ये चालवण्यास अमेरिकी नियम मुभा देतात. सीमा ओलांडायची तर अमेरिकी परवाना घेणेच सुरक्षित. शिवाय चालवणारा युरोपीय संघाचा रहिवासी असल्यास त्याला युरोपीय परवानाही लागतो.