खाली विस्तव, वर निखारे

नाताळ जवळ आला की उत्तर कोकणातील ख्रिस्ती घरांत सणाच्या जेवणाची बोलणी सुरू होतात. त्या बोलण्यांत बदकाचे स्थान निराळे असते. कोंबडी वर्षभर घरात शिजत असते. अख्खे बदक मात्र सणासाठी राखून ठेवलेले असते. मुंबई, साष्टी आणि वसई या पट्ट्यातील ईस्ट इंडियन घरांत त्याचे ‘मोईल’ होते. काही घरांत त्याच्या पोटात सारण भरून ते टोपातच भाजले जाते. आणि जेवताना कोणीतरी विचारतोच, “हा पदार्थ आपला की पोर्तुगिजांचा?”

प्रश्न साधा वाटतो, पण तो केवळ जेवणापुरता नाही. ज्या समाजाला आपल्या नावापासून आडनावापर्यंत अनेक गोष्टींबाबत ‘हे तुमचे नव्हे, उसने आहे’ असे ऐकावे लागले, त्या समाजाला हा प्रश्न बोचतो. म्हणून त्याचे उत्तर जरा सावकाश शोधावयास हवे. अख्ख्या बदकाचा इतिहास राजांच्या मेजवान्यांतून आणि नामांकित खानावळींतून सांगण्याची प्रथा आहे. या लेखात तो घरच्या चुलीपासून सांगावयाचा आहे. पदार्थ कोणाचा, हे त्याच्या नावापेक्षा तो कोणत्या विस्तवावर शिजला आणि तो विस्तव कोणी सांभाळला, यावरून अधिक नीट कळते.

प्रथम पक्ष्याची ओळख करून घेऊ. ‘बदक’ हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला. पोर्तुगीज भाषेत याच पक्ष्याला ‘पातो’ म्हणतात. जगातील बहुतेक सर्व पाळीव बदके मॅलार्ड नावाच्या रानबदकापासून निपजली. हिरव्या डोक्याचा नर असलेले हे रानबदक हिवाळ्यात भारतातही पाहुणे म्हणून येते. याला अपवाद एकच, मस्कोव्ही बदक. या नावाचा मॉस्को शहराशी संबंध नाही. हा पक्षी मूळचा उष्ण कटिबंधातील अमेरिकेचा. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला, त्यापूर्वीच तेथील लोकांनी त्याला माणसाळविले होते. पुढे युरोपीय जहाजांनी तो समुद्रापार नेला. साध्या बदकाचे अंडे सुमारे २८ दिवसांत फुटते. मस्कोव्हीला ३५ दिवस लागतात. मिरची, बटाटा आणि अननस ज्या जगातून आले, त्याच जगातून हा पक्षीही आला.

आता त्याच्या देहाकडे पाहू, कारण पाकक्रियेचे सारे रहस्य तेथे आहे. बदक पाण्यावर तरंगते आणि दूर उडते. गार पाण्यात ऊब राहावी म्हणून त्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. उडण्याचे कष्ट सोसणारे छातीचे मांस प्राणवायू साठवून ठेवते, म्हणून ते कोंबडीच्या मांसासारखे पांढरे नसून लालसर असते. अशा पक्ष्याला एकदम भडक आच दिली तर कातडी करपते, चरबी तशीच राहते आणि मांस वातड होते. त्याला दोन प्रकारची आच लागते. प्रथम मंद आच, जिच्यामुळे चरबी वितळून बाहेर येते आणि मांस मऊ पडते. मग तीव्र आच, जिच्यामुळे कातडी तांबूस होते. ही दुहेरी आच कोठून आणावयाची, हा प्रश्न ज्या ज्या समाजाने बदक शिजविले त्याला सोडवावा लागला.

रोमन लोकांनी तो मडक्यात सोडविला. पहिल्या शतकातील शेतीविषयक लेखक कोलुमेल्ला याने बदके पाळण्याच्या तळ्याचे वर्णन केले आहे. भोवती १५ फूट उंचीची भिंत आणि वर जाळे असावे, असे तो सांगतो. रानबदकांची अंडी गोळा करून ती कोंबडीखाली उबवावीत, हाही त्याचाच सल्ला. म्हणजे बदक तेव्हा पुरते घरचे झालेले नव्हते. रोमन पाककृतींचा जो संग्रह अपिकियस या नावाने आपल्यापर्यंत पोहोचला, त्यात बदकाची कृती आहे. पक्षी धुऊन, साफ करून मडक्यात घालावा. पाणी, मीठ आणि शेपू घालून अर्धा शिजवावा. मग बाहेर काढून दुसऱ्या भांड्यात तेल, माशांचे खारवलेले पाणी, एक सुगंधी वनस्पती आणि कोथिंबीर यांसह पुन्हा शिजवावा. वरच्या रश्श्यासाठी मिरी, जिरे, धणे, मध आणि शिरका. हे वाचताना आपल्याकडच्या गृहिणीला फारसे परके वाटणार नाही. त्यातील मिरी तर आपल्याच पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण टोकावरून, मलबारातून, रोमला जात असे.

चीनची कथा अधिक बोलकी आहे. बीजिंगचे भाजलेले बदक आज जगप्रसिद्ध आहे. तेथील ब्येनयीफांग ही खानावळ आपली परंपरा १४१६ पर्यंत मागे नेते. तिची पद्धत बंद भट्टीची. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या च्वानजूद या खानावळीत फळझाडांच्या लाकडांचा जाळ पेटवून उघड्या भट्टीत बदक टांगून भाजतात. कातडी मांसापासून सुटावी म्हणून आत हवा भरतात, वरून उकळते पाणी ओततात, गोड पाकाचा हात देतात, वाळवितात आणि पोटात पाणी भरतात. त्यामुळे पक्षी आतून वाफेवर शिजतो आणि बाहेरून भाजला जातो. दुहेरी आचेचा हा परमोत्कर्ष होय. पण हे सारे दुकानातले कसब आहे. चिनी घरात चूल असते, भट्टी नसते. म्हणून भाजलेले बदक विकत आणावयाचे आणि घरी ते वाफेवर किंवा मडक्यात शिजवावयाचे, अशी विभागणी तेथे झाली.

या घरच्या बदकाची नोंद य्वान मेई या कवीने १७९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाकग्रंथात केली आहे. एका कृतीत हाडे काढलेल्या बदकाच्या पोटात चिकट तांदूळ आणि खारवलेल्या मांसाचे तुकडे भरून ते वाफवावयास सांगितले आहे. दुसऱ्या एका कृतीत बदकाचे आठ तुकडे मद्य आणि सोयाच्या रसासह चिनी मातीच्या बरणीत कोंडून, बरणी कोरड्या कढईत ठेवावयाची आणि दोन उदबत्त्या जळून संपेपर्यंत मंद आच द्यावयाची. घड्याळ नसलेल्या स्वयंपाकघराने वेळ मोजण्याची अशी युक्ती काढली होती. याच य्वान मेईने वांग श्याओयू नावाच्या आपल्या आचाऱ्याचे छोटे चरित्रही लिहिले. राजांची आणि सेनापतींची चरित्रे असंख्य आहेत. चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचे चरित्र एका कवीने लिहावे, ही मोठी दुर्मिळ गोष्ट आहे.

युरोपातील घरांत तरी भट्टी होती का? श्रीमंतांकडे होती, गरिबांकडे फार उशिरापर्यंत नव्हती. चार्ल्स डिकन्सची नाताळची कथा १८४३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील क्रॅचिट या गरीब कुटुंबाचा हंस घरी भाजला जात नाही. तो पाववाल्याच्या भट्टीत भाजला जातो आणि मुले तो आणावयास धावतात. पुडिंग मात्र घरीच, कपडे उकळण्याच्या हंड्यात शिजते. लंडनच्या कष्टकऱ्यांचे नाताळचे जेवण असे पाववाल्याच्या भट्टीवर अवलंबून होते. पोर्तुगालमध्ये ब्रागा शहराच्या नावाने ओळखला जाणारा बदकभात आहे. त्यात बदक प्रथम पाण्यात उकडतात, त्याच पाण्यात भात शिजवितात आणि शेवटी सारे एकत्र करून भट्टीत तांबूस करतात. येथेही मडके आधी आणि भट्टी नंतर.

अशी ही दुहेरी आचेची विद्या घेऊन पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले. वसई त्यांच्या हाती १५३४ मध्ये गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ती घेतली. या दोन शतकांत पाव आला, बटाटा हा शब्द आला, शिरक्यात मांस मुरविण्याची रीत रुजली. पण शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या घरात भट्टी आली नाही. घरात होती ती मातीची चूल, तिच्या शेजारचा वैल, मातीची तवली आणि कल्हईचा टोप. याच सामग्रीवर अख्खे बदक शिजवावयाचे होते.

आपल्या घरांनी ते कसे शिजविले, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. बदकाची पिसे पाणी धरत नाहीत. म्हणून ते गरम पाण्यात नीट दाबून बुडवावे लागते आणि बारीक पिसे एकेक करून उपटावी लागतात. शेपटीच्या मुळाशी असलेली तेलाची गाठ काढून टाकावयाची, नाहीतर सारा रस्सा हिवसतो. आतून-बाहेरून मीठ, आले-लसूण आणि शिरका चोळून पक्षी मुरत ठेवावयाचा. शिरका ताडीचा किंवा माडीचा, द्राक्षांचा नव्हे. मग टोपात थोडे पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्यावयाचे. पाणी आटत जाते, चरबी सुटत जाते आणि शेवटी बदक स्वतःच्याच तुपात परतले जाते. त्या चरबीत कांदा तांबूस करावयाचा, बाटलीत भरून ठेवलेला घरचा मसाला घालावयाचा, अख्खे बटाटे तळून सोडावयाचे. आणि कातडीला रंग हवा असेल तर शेवटच्या अर्ध्या तासात झाकणावर निखारे पसरावयाचे.

खाली विस्तव, वर निखारे! भट्टी नसलेल्या घराने टोपाचीच भट्टी केली. गोव्यातील बिबिंक याच युक्तीने थरावर थर चढवीत भाजले जाते. पोर्तुगिजांनी शिरका दाखविला असेल, पक्षी पोटात सारण भरून भाजावा हेही सुचविले असेल. परंतु ताडीचा शिरका, बाटलीतला मसाला आणि झाकणावरचे निखारे आपल्या घरांनी आणले. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी मुंबई परिसरातील मूळच्या ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नाव बाहेरच्या भाषेतले. माणसे येथल्याच मातीतली. मोईलचेही तसेच आहे. म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला उत्तर देता येते : बोलावणे कदाचित परके असेल, चूल आपली होती.

मात्र या इतिहासात एक हिशेब राहून गेला आहे. तुकड्यांच्या रश्श्यात कोणाच्या ताटात काय पडले हे सहसा कळत नाही. अख्खा पक्षी सर्वांसमोर कापला जातो, तेव्हा वाटणी उघड होते. बदकाला पाय दोनच असतात आणि त्याच्या वजनाच्या मानाने मांस कोंबडीपेक्षा कमी निघते. एक पाय घरच्या कर्त्या पुरुषाला, दुसरा पाहुण्याला, छाती मुलांना, आणि पहाटेपासून पिसे उपटणारी, धूर गिळणारी, झाकणावरचे निखारे फुंकणारी जी, तिच्या वाट्याला मान आणि पाठीचा सांगाडा. ‘मला मानच आवडते’ असे म्हणणाऱ्या किती आया-आज्या आपण पाहिल्या! त्यांना मान खरोखरच आवडत होती का, हे आपण कधी विचारले नाही. त्यांचे चरित्र लिहिणारा य्वान मेईही कोणी नव्हता.

आज चित्र पालटले आहे. गॅस आला, विजेची भट्टी आली, साफ केलेले बदक थंड पेटीतून घरी येते. जेथे बदक हा शेतीचाच भाग आहे, तेथेही निर्धास्तपणा उरलेला नाही. केरळातील कुट्टनाडात भातकापणीनंतर शेतांत बदकांचे कळप चरतात आणि तेथील ख्रिस्ती घरांत नाताळ व ईस्टरला बदक हवेच असते. २०१४ च्या नोव्हेंबरात तेथे बर्ड फ्लूची साथ आली आणि सण महिन्यावर असताना हजारो बदके मारून टाकावी लागली. पाळणाऱ्यांचे वर्ष त्यात गेले. ताटातील पक्ष्यामागे असेही हात असतात.

झाकणावर निखारे ठेवणारी घरे आता थोडी उरली आहेत, आणि त्याचे दुःख करावयाचे कारण नाही. धुराने कोणाचे डोळे जाऊ नयेत हे चांगलेच आहे. परंतु कृती लिहून ठेवावयास हवी. ज्या घरात अजून एखादी आजी ती सांगू शकते, तेथे या नाताळपूर्वी कोणीतरी वही घेऊन तिच्याजवळ बसावे. शिरका किती, बटाटे कधी, निखारे किती वेळ, हे तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे आणि शेवटी तिचे नाव घालावे. आणि बदक कापले जाईल तेव्हा पहिला पाय तिच्या ताटात वाढावा. ती नको म्हणेल, मान मागेल. तेवढे एकदा तिचे ऐकू नये.