फळी कुणाची, गाणं कुणाचं?

उद्या जास्त काय वाजणार, रॉक की 'वर्ल्ड म्युझिक', असा वाद घातला जातो. दोस्तहो, या वादात पडण्याआधी ही नावं कुणी ठेवली ते विचारा. नाव ठेवणारा एक आणि ते वागवणारा दुसरा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगलंय.

अमेरिकेत १९२० नंतर काळ्यांसाठीच्या तबकड्या वेगळ्या निघायला लागल्या. त्यांना म्हणत 'रेस रेकॉर्ड्‌स'. पाणवठा वेगळा, तशी तबकडीही वेगळी. 'बिलबोर्ड' या साप्ताहिकाने १९४९ साली हे नाव काढून 'रिदम अँड ब्लूज' केलं. नाव बदललं, यादी वेगळीच राहिली. अन्‌ याच वेगळ्या वस्तीत रॉक जन्मलं. सिस्टर रोझेटा थार्प ही काळी बाई १९४० नंतरच्या दशकातच इलेक्ट्रिक गिटारवर देवाची गाणी अशी वाजवायची की पुढचं रॉक त्यात सगळं ऐकू येतं. १९८६ साली रॉकच्या 'हॉल ऑफ फेम'ची पहिली तुकडी निघाली. तीत एल्विस प्रेस्ली होता, काळा चक बेरीही होता. रोझेटा नव्हती. ती १९७३ सालीच मेली होती आणि तिच्या थडग्यावर कितीतरी वर्षं नावाचा दगडसुद्धा नव्हता. तिच्यासाठी ते दार २०१८ साली उघडलं.

आता दुसरं नाव बघा. १९८७ साली लंडनच्या एका पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतल्या तबकड्या दुकानात कुठल्या फळीवर लावायच्या, ही त्यांची अडचण. हेतू वाईट नव्हता, माल खपावा एवढाच. नाव ठरलं 'वर्ल्ड म्युझिक'. म्हणजे गोऱ्यांचं ते नुसतं संगीत, आणि उरलेलं सगळं जग एका फळीवर!

पण फळीपेक्षा कागद महत्त्वाचा. दक्षिण आफ्रिकेतला झुलू गायक सॉलोमन लिंडा याने १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये 'मबुबे' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. हक्क गेले दहा शिलिंगात. १९६१ साली त्याच चालीवरचं 'द लायन स्लीप्स टुनाइट' अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. १९६२ साली लिंडा कंगाल मेला. १९९४ साली हे गाणं डिस्नेच्या 'द लायन किंग'मध्येही आलं. जुन्या ब्रिटिश कायद्यात एक कलम होतं : लेखकाच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी हक्क वारसांकडे परत. म्हणजे १९८७ साली! लंडनमध्ये फळीला नाव मिळालं त्याच वर्षी लिंडाच्या लेकींचा हक्क उभा राहिला होता. त्यांना ते कुणी सांगितलं नाही. खटला झाला २००४ साली, तडजोड २००६ साली.

मग उद्याचं काय? उद्या येऊनही गेला. २०१७ साली अमेरिकेत हिप-हॉप आणि आर अँड बी यांनी मिळून खपात रॉकला मागे टाकलं. पोर्तो रिकोचा बॅड बनी स्पॅनिशमध्ये गातो. २०२० ते २०२२ अशी सलग तीन वर्षं स्पॉटिफायवर जगात सर्वांत जास्त तोच ऐकला गेला. २०२० साली ग्रॅमीवाल्यांनीही पुरस्काराच्या नावातून 'वर्ल्ड' काढून 'ग्लोबल' घातलं. जुन्या शब्दाला वसाहतवादाचा वास येतो, हे त्यांनाच कळलं. फळी मोडली, तिच्यावर कोंबलेले लोक खाली उतरून बाजारात चालायला लागले.

म्हणून काय आपण नुसत्या टाळ्या वाजवायच्या? लिंडाचं गाणं काय कमी लोकप्रिय होतं? जग गात होतं अन्‌ गाणारा उपाशी होता. लोकप्रियतेनं पोट भरतं ते कागदावर ज्याचं नाव आहे त्याचं.

१९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. ते नातं गाण्यापर्यंत न्यायचं असेल तर आपल्या वस्तीतल्या वह्या आधी उघडा. जयंतीला जी गाणी लाउडस्पीकरवर वाजतात, ती कुणी रचली, कुठल्या साली, कुणी गायली, हक्क कुणी लिहून घेतले, ते गावोगाव विचारा आणि लिहून ठेवा. म्हातारे गायक आहेत तोवर विचारा. लिंडाच्या लेकींना चाळीसेक वर्षं लागली. आपल्या पोरींना तेवढी लागू नयेत.