वसतिगृहातली आई



मुलाला वसतिगृहात ठेवताना माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता: याच्या ताटाकडे कोण बघेल? तेव्हा लक्ष्मीबाई पाटील आठवल्या. त्यांचे पती, आपल्या जैन समाजातले कर्मवीर भाऊराव, यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी त्या सगळ्यांना पोटच्या पोरांसारखे जेवू घातले. पैसे संपले तेव्हा दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या.

मुले तिथे काम करत, एका पंगतीत जेवत. आपल्या मुलांनाही हे शिकावे लागेल, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. फक्त वसतिगृह बघायला जाल तेव्हा इमारतीआधी स्वयंपाकघर बघा, वाढणाऱ्या बाईंशी दोन शब्द बोला.