'आमचे' एकशे एक दिवस : आगरकरांच्या तुरुंगकथनातील एक सर्वनाम

गोपाळ गणेश आगरकर ह्यांचे 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे लहानसे पुस्तक १८८२ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील तुरुंगवासाच्या आत्मकथनांचा विचार होतो तेव्हा त्याचा निर्देश प्रारंभी येतो आणि बहुधा तेथेच संपतो. वाचकाचे लक्ष लगेच पुढील काळातील अधिक दीर्घ व अधिक दारुण शिक्षांच्या हकीकतींकडे वळते. अंदमानच्या काळकोठडीपुढे तीन-सव्वातीन महिन्यांची साधी कैद किरकोळ वाटावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु शिक्षेच्या लांबीवरून कथनाचे मोल ठरविणे हे न्यायाधीशाचे माप अभ्यासकाने उसने घेण्यासारखे होय.

पुस्तकामागील प्रकरण थोडक्यात असे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी ह्यांना वेडाचा विकार आहे असे ठरवून त्यांना बंदोबस्तात ठेवण्यात आले होते, व त्यांचा छळ होत असल्याची वदंता सर्वत्र पसरली होती. 'केसरी' व 'मराठा' ह्या पत्रांनी संस्थानचे कारभारी महादेव वासुदेव बर्वे ह्यांच्यावर कडक टीका केली. ह्या टीकेला जो पत्रव्यवहार आधार म्हणून घेतला होता, तो न्यायालयात बनावट ठरला. दोन्ही संपादकांनी दिलगिरी प्रकट केली. तरी १७ जुलै १८८२ रोजी आगरकर व बाळ गंगाधर टिळक ह्यांना अब्रुनुकसानीबद्दल प्रत्येकी चार महिन्यांची कैद झाली. आगरकरांना सव्विसावे वर्ष पुरे होऊन तीनच दिवस झाले होते. टिळकांचे ते सहा दिवसांनी, मुंबईच्या डोंगरी तुरुंगात पुरे झाले. ज्यांच्या आधारावर हे तरुण सार्वजनिक कार्यात उतरले होते, ते विष्णुशास्त्री चिपळूणकर खटल्याच्या धामधुमीतच, १७ मार्च रोजी निवर्तले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पुढे तुरुंगवासाला जे तेजोवलय लाभले, ते ह्या कैदेला नव्हते. तिच्या मुळाशी हेतूचा शुद्धपणा होता, पण पुराव्याची चूकही होती. पुढील काळातील राजकीय कैद्याच्या अंगी जी नैतिक निःशंकता असते, ती येथे संपूर्णपणे उपलब्ध नव्हती. आणि म्हणूनच की काय, आगरकरांचे कथन हौतात्म्यापेक्षा तपशिलाकडे झुकते.

शिक्षा महिन्यांत दिली गेली. पुस्तक दिवसांत मोजते. १७ जुलैपासून २६ ऑक्टोबरला सुटका होईपर्यंतचे अंतर मोजून पाहिल्यास ते बरोबर १०१ दिवस भरते. दक्षिणेला व देणगीला शोभणारा हा आकडा शीर्षकात येताच त्याला किंचित विनोदाची झाक येते, ती लेखकाला अभिप्रेत असो वा नसो.

आता 'आमचे' ह्या शब्दाविषयी. मराठीत उत्तमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत : ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' व त्याला सामावून घेणारे 'आपण'. ह्या भेदाचा संबंध पुष्कळ अभ्यासक द्राविड भाषांच्या सान्निध्याशी जोडतात. संस्कृतातील द्विवचन मात्र प्राकृतावस्थेतच लोपले, आणि 'आम्हा दोघांचे' एवढा अर्थ एकाच रूपाने सांगण्याची सोय मराठीला उरली नाही. ते काम 'आमचे' ह्यालाच करावे लागते. शिवाय एकोणिसाव्या शतकातील संपादक स्वतःपुरते लिहितानाही 'आम्ही' म्हणत असे. तेव्हा आगरकरांचे 'आमचे' हे संपादकी अनेकवचन आहे, की लुप्त द्विवचनाचे स्मरण आहे? व्याकरण ह्याचा निर्णय देत नाही, प्रसंग देतो. कैदेत दोघे होते, आणि हकीकत एकाच्याच लेखणीतून उतरली. टिळकांनी ह्या दिवसांवर असे स्वतंत्र पुस्तक लिहिले नाही. मंडालेच्या दीर्घ कारावासातही त्यांनी सिद्ध केला तो 'गीतारहस्य' हा ग्रंथ, तुरुंगाची कथा नव्हे. म्हणजे डोंगरीच्या बाबतीत एका मित्राने दुसऱ्याच्या वतीने साक्ष दिली आहे, आणि ती साक्ष एका सर्वनामावर उभी आहे.

ह्याच्याशी विनायक दामोदर सावरकर ह्यांच्या 'माझी जन्मठेप' (१९२७) ह्या शीर्षकाची तुलना करून पाहावी. तेथे एकवचन अटळ आहे. एकांतकोठडीची रचनाच मुळी 'आम्ही' मोडून काढण्यासाठी केलेली असते. तेथील कथन अनुभवानंतर काही वर्षांनी ग्रंथरूप झाले. आगरकरांचे सुटकेच्या वर्षीच छापून निघाले. पहिल्यात स्मृतीने निवड केलेली आहे. दुसऱ्यात निवड करण्याइतका अवधीच मिळालेला नाही. अभ्यासकाने दोहोंना एकाच निकषाने तपासणे धोक्याचे आहे.

डोंगरीत ह्या दोघांमध्ये देशाची स्थिती, शिक्षण आणि समाजसुधारणा ह्या विषयांवर दीर्घ चर्चा होत, हे सर्वश्रुत आहे. ह्याच कैदेत आगरकरांनी शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'चे भाषांतर केले. ते 'विकारविलसित' ह्या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. त्यानंतर मात्र वाटा फुटल्या. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. हा उत्तरेतिहास ठाऊक असलेला वाचक पुस्तक उलट्या बाजूने वाचतो. तुरुंगातील प्रत्येक वादात त्याला भावी दुराव्याचे बीज दिसू लागते. हे वाचन सोयीचे असले तरी न्याय्य नाही. मतभेद तेव्हाही होते. पण १८८२ च्या लेखकाला सहा वर्षांनंतरचे भांडण ठाऊक नव्हते, आणि 'आमचे' लिहिताना त्याचा हात अडखळण्याचे काही कारण नव्हते. सहा वर्षांनंतर तोच शब्द त्याला तितक्या सहजतेने लिहिता आला असता का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर मात्र पुस्तकावर लादता येणार नाही.

जाता जाता, 'तुरुंग' हा शब्द पोर्तुगीज 'त्रोंको'पासून आला आहे. मूळ अर्थ लाकडाचा ओंडका, खोडा. 'कैद' अरबी, 'कारागृह' संस्कृत. शीर्षकासाठी आगरकरांनी ह्यांतील भारदस्त शब्द घेतला नाही, रस्त्यावरचा घेतला.

'आमचे' हे रूप ऐकणाऱ्याला वगळते, असे वर म्हटले. ह्या पुस्तकाच्या बाबतीत ते आणखी एका व्यक्तीला वगळते. ज्यांच्या बंदिवासाविषयी लिहिल्यामुळे हे दोघे बंदिवान झाले, ते शिवाजी महाराज दोघांच्या सुटकेनंतरही पहाऱ्यातच होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी, तेव्हाच्या अहमदनगर येथे, पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. ते विशीच्या घरात होते. पत्रव्यवहार बनावट ठरला म्हणून त्यांची स्थिती बनावट ठरत नव्हती. न्यायालयापुढे प्रश्न कारभाऱ्याच्या अब्रूचा होता, महाराजांच्या हालांचा नव्हता. त्यांच्याविषयी जे काही लिहिलेले सापडते ते रखवालदारांचे, वैद्यांचे आणि अधिकाऱ्यांचे आहे, आणि त्यात ते सर्वत्र तृतीयपुरुषी आहेत.