शिल्लक विजेचा जमाखर्च

मोटारसायकलीच्या हँडलजवळ, रबरी झाकणाखाली, एक लहानसे छिद्र असते. त्यात मोबाइलची तार खुपसली की घाटातून, पावसातून, रात्री-अपरात्री गाडी हाकणाऱ्याला वाट दाखविणारा नकाशा विझत नाही. ह्या छिद्राला कोणी सॉकेट म्हणतो, कोणी चार्जर, कोणी नुसता पॉइंट. पुण्याच्या नाना पेठेत, जिथे गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत, तिथे ते विकत घ्यावे आणि जवळच्याच एखाद्या वायरमनकडून बसवून घ्यावे, इतके हे काम आता सामान्य झाले आहे. परंतु ज्या प्रश्नाचे हे छिद्र उत्तर आहे तो प्रश्न शंभराहून अधिक वर्षांचा आहे, आणि तो असा की, यंत्राने स्वतःच्या निर्वाहापुरती वीज खर्चून झाल्यावर स्वाराच्या वाट्याला शिल्लक किती उरते?

आरंभीच्या मोटारसायकलींवर ही शिल्लक शून्य होती, कारण जमेच्या बाजूलाच काही नव्हते. ठिणगी पाडण्यापुरती वीज मॅग्नेटो नावाच्या यंत्रातून मिळे. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला आणि इंजिनाच्या प्रज्वलनाचा प्रश्न पुष्कळसा मिटला. पण ती वीज ठिणगीपुरतीच होती. दिव्यासाठी स्वाराला रसायनशास्त्राकडे वळावे लागे. पितळी दिव्याच्या वरच्या कप्प्यात पाणी, खालच्या कप्प्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे; पाणी थेंबाथेंबाने खड्यांवर पडे, अ‍ॅसिटिलीन वायू निर्माण होई आणि त्याची शुभ्र ज्योत रस्ता उजळी. आंबे अकाली पिकविण्यासाठी ज्याचा उपयोग करण्यास आज कायद्याने बंदी आहे तेच हे कार्बाइड, आणि त्याचा तो उग्र दर्प ज्यांनी बाजारात अनुभवला आहे त्यांना त्या दिव्यामागे बसून दहा कोस जाणाऱ्या माणसाची कल्पना सहज करता येईल. थंड प्रदेशात दिव्यातील पाणी गोठे, आणि खडे संपले की उजेडही संपे.

विजेने हा सगळा खटाटोप एका फटक्यात नाहीसा करण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील हेंडी कंपनीने १९१४ साली केला. ह्या कंपनीच्या मोटारसायकलींचे नाव ‘इंडियन’ असले तरी आपल्या देशाशी त्याचा काही संबंध नाही. ‘हेंडी स्पेशल’ नावाच्या त्या गाडीवर विजेचे दिवे तर होतेच, पण कळ दाबून इंजिन सुरू करण्याची सोयसुद्धा होती, आणि त्यासाठी सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसविल्या होत्या. कल्पना काळाच्या फार पुढची होती. मात्र त्या काळच्या बॅटऱ्या त्या ओझ्याला पुऱ्या पडल्या नाहीत आणि गाडी वर्षभरातच बाजारातून गेली. मोठा खर्च मंजूर करून बसलेल्या दरबाराच्या खजिन्यात वसूलच येऊ नये, तशी ही गत होती. पुढच्याच वर्षी हार्ले-डेव्हिडसनने इतकी मोठी झेप न घेता केवळ विजेचे दिवे असलेली गाडी काढली. ती मात्र टिकली.

मला ह्या इतिहासातील सर्वांत शहाणी व्यवस्था वाटते ती इंग्रजांची, दोन महायुद्धांच्या दरम्यानची. बर्मिंगहॅमच्या लूकस कंपनीने मॅग्नेटो आणि डायनामो ही दोन यंत्रे एकाच देहात जोडून ‘मॅग्डायनो’ केला. खाली मॅग्नेटो, त्याच्या पाठीवर पट्ट्याने आवळलेला डायनामो, आणि दोहोंना फिरविणारी दंतचक्रे. परंतु देह एक असला तरी हिशेब दोन होते. मॅग्नेटोची वीज केवळ ठिणगीची. डायनामोची वीज बॅटरीकडे, आणि बॅटरीतून दिव्याकडे व भोंग्याकडे. पेशव्यांच्या दप्तरात खासगीचा खर्च निराळा आणि सरकारचा निराळा लिहिला जाई, तसाच हा प्रकार होय. बॅटरी पूर्ण बसली तरी इंजिन थांबत नसे. अंधारात का होईना, स्वार घरी पोहोचे. पुढे मोटारसायकलींसाठी लूकसने साठ वॅटचा डायनामो काढला तेव्हा तो चांगला सशक्त समजला गेला, आणि त्यातून तीस वॅटचा पुढचा दिवा, मागचा लहान दिवा व भोंगा चालवून जे उरे ते बॅटरीच्या भरण्यात जाई. उपकरणे जोडावीत इतके त्यात काही नव्हते. पण जे होते त्याची वाटणी निर्मळ होती.

ही वाटणी १९५० नंतर मोडली. ट्रायम्फने १९५३ साली आपल्या ‘स्पीड ट्विन’ गाडीवरून डायनामो आणि मॅग्नेटो दोन्ही काढून टाकले व त्यांच्या जागी अल्टरनेटर आणि कॉइलची ठिणगी आणली. अल्टरनेटरमध्ये घासणारे कार्बन ब्रश नव्हते, त्यामुळे झीज कमी होती, आणि तो इंजिनाच्या दांड्यावरच बसत असल्याने स्वस्तही पडे. परंतु ठिणगी आता बॅटरीच्याच पदरी आली. दोन खाती एक झाली, आणि त्या दिवसापासून ज्याने गाडीवर एखादे जास्तीचे उपकरण जोडले त्याला दिव्याबरोबर ठिणगीचीही चिंता वाहणे प्राप्त झाले.

ह्याचा अर्थ मला लहानपणीच कळला, तो मामांच्या बुलेटमुळे. बुलेट मूळची इंग्लंडची, पण १९५५ पासून मद्रासला जुळू लागली आणि हळूहळू पूर्ण आपली झाली. तिच्या पुढच्या दिव्याच्या माथ्यावर अ‍ॅम्पिअर मोजणारी एक गोल तबकडी बसविलेली असे. मी टाकीवर बसे आणि माझे डोळे त्या काट्यावर असत. “काटा डावीकडे गेला की खर्च, उजवीकडे आला की जमा,” एवढेच मामांनी मला सांगितले होते, आणि विजेविषयी त्याहून नेमके वाक्य मी नंतर कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचले नाही. गाडी उभ्या उभ्या दिवा लावला की काटा डावीकडे झुके. वेग घेतला की मध्यावर येई. सपाट रस्त्यावर लांब दौड मिळाली की उजवीकडे सरके. मामांनी पुढे तिच्यावर धुक्यासाठी पिवळा दिवा आणि एक मोठा भोंगा चढवला. एका पावसाळी रात्री आंबोलीचा घाट चढताना पहिल्या गिअरमध्ये, मंद गतीने, दोन्ही दिवे लावून आम्ही बराच वेळ चाललो होतो. काटा सारा वेळ डावीकडे पडलेला होता, आणि एका वळणावर इंजिन अडखळले व गप्प झाले. मामांनी पिवळा दिवा मालवला, थोडा वेळ पावसात उभे राहू दिले, मग गाडी उताराच्या दिशेने वळवून ढकलत सुरू केली. घाट आम्ही त्यानंतर चढलो तो पिवळ्या दिव्यावाचून.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांची विद्युत्‌-यंत्रणा सहा व्होल्टची असे. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे एक घर दोन व्होल्टचे, म्हणून तीन घरांची बॅटरी सहा व्होल्टची व सहा घरांची बारा व्होल्टची. तेवढ्याच वॅटसाठी दाब दुप्पट केला की प्रवाह निम्मा लागतो. प्रवाह निम्मा झाला की तीच तार कमी तापते आणि तारेतली गळती एकचतुर्थांशावर येते. ब्रिटिश गाड्या साधारण १९६६ च्या सुमारास बारा व्होल्टवर गेल्या, आणि त्यांच्याबरोबर आला झेनर डायोड, ज्याची कथा मला फार उद्बोधक वाटते. अल्टरनेटर वेगाबरोबर अधिकाधिक वीज निर्माण करतो. बॅटरी भरली की ती वीज ठेवावी कुठे? झेनर डायोड तिला वाट करून देई आणि उष्णतेच्या रूपाने हवेत सोडी. म्हणून तो अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या तुकड्यावर, समोरून वारा लागेल अशा ठिकाणी, बसविलेला असे. म्हणजे शिल्लक निर्माण झाली होती, पण तिला मालक नव्हता. ती रोजच्या रोज वाऱ्यावर उधळली जात होती. आजही पुष्कळ लहान गाड्यांवरील नियंत्रक हेच काम करतो. त्यामुळे योग्य मापात बसविलेला सॉकेट इंजिनाकडून बहुधा काही नवे मागत नाही. जे जळून जाणार होते तेवढेच तो वापरतो.

ही शिल्लक पहिल्यांदा हक्काने मागितली ती थंडीने. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस उघड्या विमानातील वैमानिकांना विजेने तापणारे कपडे दिले गेले होते. त्याच तत्त्वाचे जाकीट अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील गॉर्डन गर्बिंग यांनी १९७० च्या दशकात मोटारसायकलस्वारांसाठी केले. असे जाकीट सत्तर-ऐंशी वॅट सहज खाते. जुन्या डायनामोची सारी मिळकत एका अंगरख्याला पुरली नसती. आता प्रश्न आला तो जोडणीचा. मोटारींत सिगारेट पेटविण्यासाठी जे भोक असे तेच अनेकांनी मोटारसायकलीवर आणले. परंतु ते भोक मुळात तापलेली कॉइल क्षणभर धरून ठेवण्यासाठी घडविलेले; त्यातील प्लग टोकाशी स्प्रिंगने टेकतो आणि खड्ड्यांत धक्के बसले की सैल होऊन निसटतो. जर्मन गाड्यांनी, विशेषतः बीएमडब्ल्यूने, त्याहून बारीक, बारा मिलिमीटर व्यासाचे आणि घट्ट बसणारे सॉकेट पत्करले. पुढे तेच आंतरराष्ट्रीय मानक ४१६५ झाले. मोटारसायकलीच्या हादऱ्यांना हेच अधिक मानवते, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही जगात पसरले ते सिगारेटचेच भोक, कारण प्रत्येक दुकानात त्याचा प्लग मिळे.

मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रह-स्थाननिश्चितीच्या सार्वजनिक संकेतांतील हेतुपुरस्सर घातलेली चूक काढून टाकली, आणि सामान्य माणसाच्या हातातले यंत्र रस्ता बिनचूक दाखवू लागले. मग स्मार्टफोन आले, आणि १९९६ सालच्या यूएसबी मानकाचे पाच व्होल्ट गाडीच्या बारा व्होल्टमधून काढणारी बारीक उपकरणे निघाली. फोनला लागते ते अवघे दहा-पंधरा वॅट, म्हणजे बुलेटच्या पिवळ्या दिव्याहूनही कमी. परंतु आपल्याकडे एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही आपोआप पेटता ठेवण्याचा नियम झाला. अपघात टाळण्यासाठी तो आवश्यक होता, पण जमाखर्चाच्या वहीत खर्चाची एक कायमची रक्कम वाढली. पिवळा दिवा मालवून घाट चढण्याची मामांची युक्ती पुढच्या दिव्याच्या बाबतीत आता चालत नाही.

आणि आता ज्याच्या गाडीवर हा पॉइंट सर्वांत अधिक दिसतो तो लांबच्या सफरीवर निघालेला हौशी स्वार नव्हे. तो घरोघर जेवणाचे डबे आणि पार्सले पोहोचविणारा तरुण आहे. त्याचा पत्ता, त्याची ऑर्डर, त्याची मजुरी, सारे त्या फोनमध्ये. फोन विझला की त्याचा दिवस विझतो. त्याच्यासाठी काम करणारा चांगला वायरमन तार थेट बॅटरीवरून घेतो, बॅटरीजवळच फ्यूज घालतो, आणि मागच्या दिव्याच्या तारेवरून रिले चालवतो, जेणेकरून किल्ली काढली की सॉकेट मुके व्हावे आणि रात्रभरात बॅटरी बसू नये. तारेच्या टोकाचे थिंबल घट्ट दाबतो, तार हँडलच्या वळणात ताणणार नाही इतकी ढिली सोडतो, झाकण खाली तोंड करून बसवतो, म्हणजे पाणी आत साचत नाही. पण हे सर्व करण्याआधी तो इंजिन सुरू करतो, दिवा, इंडिकेटर, ब्रेक सगळे लावायला सांगतो, आणि मीटरची दोन टोके बॅटरीला टेकवतो. आकडा साडेतेरा व्होल्टच्या आसपास चढला तर तो मान हलवून कामाला लागतो, साडेबारावरच घुटमळला तर म्हणतो, “दादा, आधी चार्जिंग बघू, पॉइंट मग.” आजच्या गाड्यांवर ती गोल तबकडी राहिलेली नाही, तो काटा आता ह्या माणसाच्या हातात आहे.