मेट, वेसकर आणि गल्ल्याजवळचा डबा

पाचाडहून रायगडाचा माथा दिसतो, पण महादरवाजा दिसत नाही. दोन भक्कम बुरुजांच्या कुशीत तो असा वळवून बसवला आहे की जवळ जाईपर्यंत वाट कुठे शिरते ते कळू नये. येणारा कुठूनही येवो, शेवटी त्याला त्या चिंचोळ्या जागेतूनच जावं लागतं, आणि ती जागा वरून नजरेत असते. पहाऱ्याचं निम्मं काम इथे दगडानेच उरकलं आहे.

उरलेलं माणसांकडे. किल्ल्यांच्या उतारावर मेटं असत, म्हणजे चौक्या. तिथला पहारेकरी तो मेटकरी. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे सारख्या दर्जाचे अधिकारी असत, असं सभासदाच्या बखरीत आहे. एकट्याच्या हाती गड द्यायचा नाही, एकावर दुसऱ्याची नजर ठेवायची, हा त्यामागचा रोकडा हिशेब.

हिरकणीची गोष्ट शाळेत आईच्या मायेची म्हणून शिकवतात. पहाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ती वेगळीच दिसते: संध्याकाळी दरवाजे बंद झाले, तरी एक बाई कडा उतरून घरी पोचली. आख्यायिका म्हणते, शिवाजी महाराजांनी तिचा सत्कार केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. सत्कार आणि बंदोबस्त, दोन्ही एकदमच! १८१८च्या मे महिन्यात मात्र धोका वाटेने आलाच नाही. इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, वाडे जळाले आणि १० मेला गड त्यांच्या हाती गेला.

गावकुसाचा पहारा याहून साधा होता आणि त्याची किंमत एकाच समाजाने मोजली. वेशीवर वेसकर, बहुधा महार. गावात कोण आलं, कोण गेलं, हे त्याच्या डोक्यात. चोरी झाली की माग काढायचा, पावलं शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत न्यायची; माग शिवेपलीकडे गेला की जबाबदारी पुढच्या गावावर. म्हणजे पाहणारा, आठवणारा, ओरडणारा आणि जाब देणाराही तोच. मोबदला वतनाचा तुकडा आणि दारोदारचं बलुतं. ज्या महाडात २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तिथल्या गावांची राखण करणाऱ्यांना त्याच गावांच्या पाणवठ्यावर हक्क नव्हता. पुढच्याच वर्षी, मार्च १९२८मध्ये, आंबेडकरांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाबद्दलचं विधेयक मांडलं. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला मात्र १९५८ उजाडलं.

मग कॅमेरा आला. १९४२मध्ये जर्मनीत पीनेम्युंडे इथे रॉकेटचं उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहायला वॉल्टर ब्रूख याने बंद वाहिनीचा दूरचित्रवाणी संच बसवला. त्यात नुसतं पाहणं होतं, साठवणं नव्हतं. टेप आणि पुढे हार्डडिस्क आल्यावर पारडं फिरलं: साठवण भरपूर, पाहणारा कुणीच नाही. आज महाडच्या बाजारपेठेत किंवा पोलादपूरच्या नाक्यावरच्या दुकानात कॅमेरा लागतो, तो वेसकराच्या आठवणीचं काम करतो. ओरडण्याचं नाही.

आणि आठवणीलाही मापं आहेत. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १९२० ठिपके. अनोळखी माणूस नीट ओळखू यायला मीटरमागे २५० ठिपके हवेत, असं युरोपीय मानक सांगतं. भागाकार करा: साडेसात मीटरहून रुंद जागा चौकटीत घेतली की चेहरा गेला, उरतो तो ‘कुणीतरी’. अख्खं अंगण दाखवणारी लेन्स गिऱ्हाइकाला आवडते, कामाला येते ती दरवाजावर रोखलेली. महादरवाजा बांधणाऱ्याला हे ठिपके न मोजता कळलं होतं. पावसाळ्यात तर रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी. भिंगासमोर जाळ्याचा एक धागा हलला की मालकाच्या मोबाईलवर रात्रभर इशारे.

महाडात खरा प्रश्न डब्याचा आहे. डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, सहसा गल्ल्याजवळ, खालच्या फळीवर ठेवतात. वायरी ओढायला सोपं पडतं. पण हे गाव सावित्री आणि गांधारीच्या काठचं. २२ जुलै २०२१ला बाजारपेठेतले तळमजले पाण्याखाली गेले. अशा पुरात चार कॅमेरे आणि महिन्याभराची साठवण, म्हणजे कॅमेऱ्यामागे सेकंदाला २ मेगाबिट धरले तर सुमारे २.६ टेराबाइट, एका रात्रीत चिखल. डबा माळ्यावर चढवायला थोड्या लांब वायरी पुरतात. बसवणाऱ्याने सांगितलं नाही तर गिऱ्हाइकानेच सांगावं.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि आणखी वाहनं अंधारात नदीत गेली. पूल नाहीसा झाल्याचं लक्षात आलं ते जवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाच्या. त्याने बोंब ठोकली, पोलिसांना कळवलं, आणि मागून येणाऱ्या गाड्या थांबल्या.