आवर्तन रायलीचे, श्रुती किराण्याची

नगरजवळ अरणगावला, मेहेराबादच्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. त्यांचा अनुयायी, रॉक संगीतकार पीट टाउनशेंड याने १९७१ साली एका गाण्याला ‘बाबा ओ’रायली’ असे नाव देऊन बाबांच्या शेजारी टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराला बसवले. रायलीचे फिरून फिरून येणारे संगीत ही मुळात भारताची देणगी, हा समज अशा जोडीमुळे सहज पटतो. अभिमान सुखावतो, पण कालक्रम साफ उलटा आहे.

रायली गायक पंडित प्राणनाथांचा शागीर्द झाला १९७० साली. त्याआधी, १९६३ मध्येच, पॅरिसला चेट बेकरच्या ट्रम्पेटवर काम करताना त्याच्या हाती आवर्तनाचे यंत्र आले होते. दोन टेपरेकॉर्डर शेजारी, दोहोंमधून ओवलेली एकच टेप. पहिल्यावर मुद्रित झालेला सूर सरकत दुसऱ्यावर पोचला की वाजे आणि परत पहिल्यावर मुद्रित होई. थरावर थर चढत. पुढच्याच वर्षी त्याची ‘इन सी’ ही रचना आली.

यावर कोणी म्हणेल, तालाचे आवर्तन आणि तंबोऱ्याचा षड्ज त्याने ध्वनिमुद्रिकांतून ऐकलाच असेल. ऐकला असेलही. पण आपल्या आवर्तनाचा प्राण समेत असतो. गायक कितीही दूर गेला तरी समेवर यावेच लागते. ‘इन सी’मध्ये ५३ छोटे स्वरसमूह आहेत आणि प्रत्येक वादक आपापल्या मर्जीने ते घोळवत पुढे सरकतो. समान लय आहे, सम नाही. ज्यात समच नाही त्याला तालाची संतती कसे म्हणायचे?

त्याने घेतले ते निराळेच, आणि माझ्या मते फार मोठे. प्राणनाथांचे गुरू अब्दुल वहीद खाँ, म्हणजे मिरजेच्या अब्दुल करीम खाँचेच किराणा घराणे. स्वर नेमका कुठे लागतो, यावर जीव टाकणारे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० च्या सुमारास श्रुतींचा हिशेब मांडला, तेव्हा करीम खाँचा गळाच त्यांच्या कामी आला होता. रायली प्राणनाथांच्या निधनापर्यंत, १९९६ पर्यंत, त्यांचा शिष्य राहिला. ‘श्री कॅमल’ (१९८०) या ध्वनिमुद्रिकेसाठी तर त्याने विजेच्या ऑर्गनच्या सप्तकाचे बारा समान भाग मोडून तो शुद्ध गुणोत्तरांत लावून घेतला.